बारावीनंतर थेट कलेचा इतिहास? (बडोदा आणि एकूणच, सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. लेक यंदा बारावी आर्ट्सला आहे आणि तिला पदवीला कलेचा इतिहास घ्यायचाय. चित्रं काढायला शिकायचं नाही, चित्रं-शिल्पं-देवळं यांच्याबद्दल शिकायचंय. हा फरक माझ्या डोक्यात शिरायलाच दोन महिने गेले. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्यात, त्यामुळे आम्ही धरून चाललो होतो की जे.जे. नाहीतर कोल्हापूर म्हणेल. ती म्हणते, "मला काढण्यापेक्षा बघण्यात जास्त गोडी आहे."

सुरुवात नववीच्या सहलीत झाली. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात बाकीच्या मुली स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्यातून आभाळ बघत होत्या आणि ही खांबाला चिकटून उभी. खांबांचे कंगोरे खरादावर काढल्यासारखे गुळगुळीत आहेत. घरी येऊन विचारते, "आई, दगड फिरवला असेल का हत्यार फिरवलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हे वेड आहे.

हे बँकेत आहेत. ह्यांचं म्हणणं, साधं बी.ए. कर, सोबत एमपीएससीचा अभ्यास कर, देवळं काय रविवारी बघता येतात. घरात रोज वाद. तर मला एवढंच विचारायचंय की अठराव्या वर्षी हा विषय थेट पदवीला घेण्यात अर्थ आहे का? कुठे शिकवतात? आणि पुढे पोटापाण्याचं काय? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

पाणंद

ताई, नववीतल्या मुलीने असा प्रश्न विचारला म्हणजे निम्मी प्रवेशपरीक्षा तिथेच पास झाली.

सयाजीगंज

मी बडोद्याचाच, घरी मराठी. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून कलेतिहासातच पदवी घेतली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हा विषय पदवीला, म्हणजे बारावीनंतर लगेच, मुख्य विषय म्हणून शिकवणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. बडोदा एक आणि शांतिनिकेतनचं कलाभवन दुसरं, ही दोन जुनी नावं. कलाभवन १९१९ चं, आमची फॅकल्टी १९५० ची. दोन्हीकडे पदवी चार वर्षांची. सुरुवातीला पायाभूत अभ्यासक्रम असतो, त्यात इतिहासवाल्यांनाही माती मळावी लागते, रंग लावावे लागतात. तुमच्या लेकीने घाबरू नये. तिने चांगलं शिल्प करावं ही अपेक्षा नसते. माती किती वेळात सुकते नि कुठे तडकते हे हाताला कळावं, एवढ्यासाठी ते असतं. ज्याने कधी छिन्नी धरली नाही त्याने शिल्पावर लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

आमच्या वेळी परीक्षेला अंधारात दोन स्लाइड शेजारी शेजारी लावायचे. नाव नाही, साल नाही. काही मिनिटांत लिहायचं: काय आहे, कुठलं असावं, कधीचं असावं, आणि तसं का वाटतं. गुण सगळे त्या शेवटच्या 'का'ला. दोन चित्रं शेजारी ठेवून शिकवायची ही रीत जर्मन भाषेतल्या अभ्यासकांनी, विशेषतः वोल्फलिनने, रूढ केली. अजून तिला तोड नाही. एकटं चित्र गप्प असतं, शेजारी दुसरं ठेवलं की बोलायला लागतं.

आणि गाव! सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, त्यामुळे मराठी माणसाला बडोदं परकं वाटत नाही. राजवाड्यात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. पहिल्या वर्षी मी सायकलवरून जाऊन तासन्‌तास तिथे बसायचो.

हिशेबनीस

सयाजीगंज यांच्या प्रेमाबद्दल आदर आहे, पण मी तुमच्या अहोंच्या बाजूचा. माझी भाची याच वाटेने गेली म्हणून बोलतोय.

या क्षेत्रात नुसत्या पदवीवर फारसं काही मिळत नाही. संग्रहालय असो, अध्यापन असो, पदव्युत्तर शिक्षण लागतंच. कॉलेजात शिकवायचं तर नेट, तीही 'दृश्यकला' या विषयातून. म्हणजे एकूण सहा-सात वर्षं धरा. मग पदवी एखाद्या रुंद विषयात का घेऊ नये? इतिहास घ्या, संस्कृत घ्या, मुंबईत झेवियर्सला प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय बी.ए.ला आहे, तो घ्या. नंतर एम.ए.ला डेक्कन कॉलेज आहे, जेएनयू आहे. तोवर मुलगी एकवीस वर्षांची होते आणि तिचं तिला कळतं. दार बंद होत नाही, उशिरा उघडतं इतकंच.

शाईदौत

हिशेबनीस यांच्याशी निम्मी सहमत. रुंद विषय नको, पण *भाषा* हवीच. कलेतिहास शिकणाऱ्या कितीतरी मुलांना मूर्तीखालचा लेख वाचता येत नाही, हे मला फार खटकतं. लेण्यांकडे जायचं तर प्राकृत आणि ब्राह्मी, दख्खनी चित्रांकडे जायचं तर फारसी, पेशवाईकडे यायचं तर मोडी. मेणवलीच्या वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं सगळे बघतात, पण चितारी कोण होता, त्याला रंगासाठी काय दिलं, असल्या गोष्टी शोधायच्या तर मोडी कागदांकडेच वळावं लागतं. मोडी बारावीच्या सुट्टीत येते. खरंच येते, मी शिकवते.

कृष्णाकाठची

@शाईदौत, मोडीचं तिला सांगितलं, लगेच 'कुठे?' म्हणाली. @हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद ह्यांनी दोनदा वाचला. आता जेवताना तुमचंच नाव निघतंय.

इंटरमिजिएट_सी_ग्रेड

अवांतर होतंय, पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं नाव निघालं की राहवत नाही. स्मरणचित्रात सगळ्या महाराष्ट्राने एकच बाजार काढलाय. एक भाजीवाली, एक तराजू, मागे दोन नारळाची झाडं. सोलापुरातसुद्धा नारळाचीच झाडं.

पाणंद

आणि स्थिरचित्रात तो तांब्या! तांब्या, दोन वांगी आणि मागे सुरकुत्या पडलेला निळा पडदा. आमचे सर परीक्षा संपल्यावर वांगी घरी न्यायचे.

सयाजीगंज

@इंटरमिजिएट_सी_ग्रेड, हसलो, पण हा कलेतिहासाचाच प्रश्न आहे बरं का. सोलापूरच्या मुलाच्या डोक्यात नारळाचं झाड आलं कुठून? कॅलेंडरातून, गाइडातून, आधीच्या वर्षीच्या मुलांच्या चित्रातून. अजिंठ्याच्या चिताऱ्याच्या डोक्यात त्याचं झाड कुठून आलं, हाही तोच प्रश्न.

पदर_आणि_पान

मुंबईतल्या एका संग्रहालयात गेली चौदा वर्षं काम करते. रोज काय करते ते सांगते, म्हणजे मुलीला कल्पना येईल.

परवाचंच. एक दख्खनी लघुचित्र प्रदर्शनात लावायचं होतं. आधी त्याचा कंडिशन रिपोर्ट करायचा. चित्र टेबलावर आडवं ठेवायचं, खोलीतले दिवे कमी करायचे आणि बारीक टॉर्च चित्राच्या पातळीला आणून बाजूने उजेड टाकायचा. समोरून बघताना सपाट वाटणारा कागद त्या तिरक्या उजेडात शेतासारखा दिसतो. पांढरा रंग कुठे उचललाय, सोन्याचा वर्ख कुठे घासून दाबलाय, घडी कुठे पडली होती, सगळं उघड. बाईच्या गळ्यातले मोती रंगाचे बारीक थेंब देऊन उठावदार केलेले होते, आणि त्यातले तीन गळून गेले होते. समोरच्या उजेडात ते कुणालाही कळलं नसतं. मग चित्र उलटायचं. मागच्या बाजूला फारसीत दोन ओळी, एक पुसट शिक्का, एक पेन्सिलीने लिहिलेला आकडा. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, कितीला गेलं, ते पाठीवर असतं. पहिल्या वर्षी मी पुढची बाजू तासभर बघायची. आता पाठ आधी बघते.

मी बी.एस्सी. करून नंतर इकडे आले. संवर्धनाला रसायनशास्त्राचा उपयोग झाला. पण चित्र वाचायला मला फार उशिरा सुरुवात झाली, ती कसर अजून भरून निघालेली नाही. सोळा-सतराव्या वर्षी ज्यांची नजर बसते त्यांचं वेगळंच असतं. त्यामुळे हिशेबनीस, तुमचं 'दार उशिरा उघडतं' मला पूर्ण पटत नाही. दार उघडतं हो, पण तोवर डोळा दुसऱ्या गोष्टीला सरावलेला असतो.

पगार: सुरुवातीला कमी. खूपच कमी. लपवण्यात अर्थ नाही.

उत्तररात्र

मला कडू लिहावं लागणार आहे, पण ताईंनी स्पष्ट सांगा म्हटलंय.

याच विषयात एम.ए. केलं. पहिली दोन वर्षं नोकरी नाही. मग एका कलादालनात 'संशोधन सहायक' म्हणून लागले. कामाचं स्वरूप: कॅटलॉग लिहायचा, पाहुण्यांना पाणी द्यायचं, खिळे मोजायचे. मानधन चार महिन्यांनी मिळायचं, तेही मागून. माझ्यासोबतच्या तिघी टिकल्या, कारण मुंबईत त्यांचं स्वतःचं घर होतं. मी वसईहून यायची. हा विषय ज्यांच्या घरी आधीपासून पुस्तकं, पैसा आणि ओळखी आहेत त्यांना सोपा जातो, ही गोष्ट कुणी वर्गात सांगत नाही.

आता मी शालेय पुस्तकांसाठी चित्रसंशोधन करते, म्हणजे सहावीच्या धड्याशेजारी कुठलं शिल्प छापायचं, ते खरंच त्या काळातलं आहे का, कुणाची परवानगी लागते. काम मनापासून आवडतं. विषय निवडला याचा पश्चात्ताप नाही. पण घरच्यांनी पहिली पाच वर्षं पाठीशी उभं राहायची तयारी ठेवावी, आणि ती तयारी आज बोलून घ्यावी. 'बघू पुढचं पुढे' करू नये.

हिशेबनीस

@उत्तररात्र, याहून प्रामाणिक प्रतिसाद नाही. माझी भाचीही विरारहून जायची.

स्कॉटलंडची_मावशी

इकडचं थोडं. एडिंबरा विद्यापीठात कलेतिहास पदवीलाच आहे, चार वर्षांचा, आणि स्कॉटलंडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात. भारतातून अर्ज करताना यावरून घोळ होतात, म्हणून सांगितलं. परदेशी विद्यार्थ्यांची फी मात्र डोळे पांढरे करणारी आहे, कर्ज काढून या विषयासाठी येऊ नये असं माझं स्पष्ट मत.

आणि तिकडे मान आहे नि आपल्याकडे नाही, असं समजू नका. २०१६ मध्ये इंग्लंडात हा विषय शाळेच्या ए-लेव्हलमधून (तिकडची बारावीच म्हणा) जायलाच निघाला होता. खूप आरडाओरडा झाल्यावर दुसऱ्या परीक्षा मंडळाने तो उचलून धरला.

मिलवॉकीकर

आमच्या विस्कॉन्सिनातलीच गोष्ट. २०१४ मध्ये ओबामा इथे भाषणात बोलून गेले की कारागिरीचं शिक्षण घेतलेली मुलं कलेतिहासाच्या पदवीवाल्यांपेक्षा जास्त कमावू शकतील. टेक्ससच्या एका प्राध्यापिकेने पत्र लिहिलं, तर त्यांनी स्वतःच्या हाताने माफीची चिठ्ठी पाठवली, आणि शाळेत हा माझा आवडता विषय होता असंही लिहिलं. तुमच्या अहोंना सांगा, माघार घ्यायला राष्ट्राध्यक्षही कचरले नाहीत.

शब्दखूण

धाग्यात 'कलेतिहास' आणि 'कलेचा इतिहास' दोन्ही चाललंय. संधीचं म्हणाल तर कला + इतिहास = कलेतिहास बरोबरच आहे. पण बोलताना मला 'कलेचा इतिहास' जास्त जवळचा वाटतो.

शाईदौत

काहीही म्हणा, फक्त 'आर्ट हिस्टरी म्हणजे ड्रॉइंग ना?' म्हणू नका.

लेणीवाट

मी संभाजीनगरला, बावीस वर्षं अजिंठा-वेरूळला गाइड आहे. माझं शिक्षण इतिहासात, पण खरा अभ्यास लेण्यांतच झाला.

लोक विचारतात की याचा उपयोग काय. त्यांना मी एक गोष्ट सांगतो. १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांना अजिंठ्याची लेणी दिसली. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी तिथे राहून चित्रांच्या प्रतिकृती काढत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे.जे.चे ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. मुंबईची पोरं, उन्हाळा-थंडीत डोंगरात राहून नक्कल करत होती. ते काम १८८५ पर्यंत चाललं, आणि त्याच साली त्यांच्याही कितीतरी प्रती लंडनमध्येच आगीत गेल्या. पुढे १९२० च्या दशकात निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी रंग टिकावा म्हणून शेलॅक (लाखेचं वार्निश) लावलं, आणि ते कालांतराने पिवळं पडलं.

आता विचार करा. आज तुम्ही पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहता. जो पिवळट रंग दिसतो त्यातला चिताऱ्याचा किती, धुराचा किती, आणि नंतरच्या लेपाचा किती? जिथे पोपडा पडलाय तिथे जवळून बघा, मातीच्या गिलाव्यात भाताचं तूस दिसतं. ओल्या चुन्यावर रंगवलेलं हे काम नाही, सुकलेल्या गिलाव्यावरचं आहे. म्हणून पाण्याने पुसणं म्हणजे चित्र पुसणं. हे ज्याला कळतं तोच ते वाचवू शकतो. माझ्या दृष्टीने उपयोग म्हणजे हाच. माझ्यासारखे सांगणारे पुष्कळ आहेत, शिकून आलेले फार थोडे.

ताई, मुलीला घेऊन या. दिवसभर हिंडवतो.

पदर_आणि_पान

@लेणीवाट, शेलॅकचा मुद्दा फार महत्त्वाचा. चांगल्या हेतूने केलेलं काम निस्तरण्यात आमची निम्मी हयात जाते.

काळाघोडा

लिलावाच्या धंद्यात आहे, तिकडचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे कलेतिहासवाले लागतात, आणि त्यांना कायदाही यावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा. शिवाय रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस वगैरे नऊ कलावंतांची चित्रं वय न बघता देशातच राहतात. त्यामुळे एखादं चित्र खरंच रविवर्म्याचं आहे की त्याच्या छापखान्यातलं, की नंतर कुणी त्यावरून रंगवलेलं, या एका उत्तरावर सगळं ठरतं. ते उत्तर देणारा माणूस लागतो, आणि तो दुर्मिळ आहे.

सयाजीगंज

छापखान्याचं नाव काढलंत म्हणून एक सुचतंय. कृष्णाकाठची ताई, वाद घालण्यापेक्षा तुम्ही तिघंही एक दिवस काढा. पुण्याहून लोकल पकडून मळवलीला उतरा. याच मळवलीला रविवर्म्याचा छापखाना मुंबईतून हलवला होता. तिथून पायी भाजे, मग कार्ले. एकाच दिवशी दोन्ही चैत्यगृहं (बौद्धांची स्तूप असलेली प्रार्थनागृहं), आमच्या दोन स्लाइडसारखी. मुलीला काहीही आधी सांगू नका. फक्त वही द्या आणि म्हणावं, खांब बघ. किती वेळ उभी राहते आणि काय लिहून आणते, त्यावरून तुम्हाला तुमचं उत्तर मिळेल.

पाणंद

कार्ल्याला आमच्या कुळाची एकवीरा. पिढ्यान्‌पिढ्या जातोय, नवस फेडतोय, आणि शेजारचं लेणं बघायचं राहूनच जातंय. आता मीपण वही घेऊन जातो.

कृष्णाकाठची

उशीर झाला, माफ करा. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. तळेगावला भाऊ असतो, त्याच्याकडे मुक्काम केला.

भाज्याला ती चैत्यात शिरली आणि दारातच थांबली. आम्हाला वाटलं चढून दमली. दहा मिनिटांनी म्हणाली, "आई, खांब आत कललेत." मला दिसेना. तिने वहीची कड उभी धरून दाखवलं. खरंच, खाली बाहेर, वर आत. मग तीच म्हणाली, "लाकडाच्या घरात छताचा रेटा असतो म्हणून खांब कलता ठेवत असतील. पण हे तर डोंगरात कोरलंय, दगडाला काय गरज? यांनी आधी लाकडाचं बघितलं असणार." मी गप्प.

दुपारी कार्ल्याला गेलो. तिथे खांब सरळ. खाली घडा, वर हत्तींवर बसलेली जोडपी, छताला ती जुनी लाकडी कमान अजून शाबूत. ती पार स्तूपाच्या मागे गेली आणि तिथून हाक मारली. मागचे सात खांब अगदी साधे आहेत. अष्टकोनी, ना घडा ना हत्ती. हे म्हणाले, "पैसे संपले असतील." ती म्हणाली, "नाहीतर मागून कोण बघतंय म्हणून." दोघांचं तिथेच जुंपलं, पण नेहमीसारखं नाही.

आणि मग एक झालं. खांबांवर काय कोरलंय असं ह्यांनी विचारलं. भावाने फोनवर शोधून वाचून दाखवलं की ती देणगीदारांची नावं आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन म्हणजे ग्रीक, एक सुतार, एक सुगंधी द्रव्यं विकणारा ज्याने दाराचा खर्च दिला, वैजयंती गावचा भूतपाल शेठ. कुणी एक खांब, कुणी एक दार. ह्यांनी तीस वर्षं बँकेत खाती बघितलीत. एकेका खांबाशी जाऊन "हा कोणाच्या नावावर?" विचारत तासभर फिरले. शिपाई दार बंद करायला आला तेव्हा आम्हाला ह्यांनाच ओढून बाहेर काढावं लागलं.

काल बडोद्याच्या फॉर्मचं विचारलं. हे म्हणाले, "भरू दे. पाच वर्षांचं मी बघतो." @उत्तररात्र, हा पाच वर्षांचा आकडा तुमचाच. सोबत झेवियर्सचाही फॉर्म भरतोय, @हिशेबनीस. आणि मोडीचा क्लास सोमवारपासून सुरू.

@सयाजीगंज, तिने विचारायला सांगितलंय: मागचे सात खांब साधे का, याचं खरं उत्तर काय?

सयाजीगंज

तिचं आणि बाबांचं, दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवायला सांगा. मुलाखतीला वही सोबत आणू दे.